खोबणीत काय बसतं?

माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक डॉक्टर भोईर मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की पाणी नंतर पीत, आधी एखादी वस्तू उचलत. शोकेसमधली, ओट्यावरची, टीव्हीखालची, जी त्यांच्या ओळखीची नसेल ती. ती उलटीसुलटी करून तिच्यात कुठे खोलगट जागा आहे का ते शोधत, तिथे बोट घालत आणि यजमानांना विचारत, "ह्यात काय बसतं?" यजमान बिचारे चहाचा ट्रे हातात धरून उभे असत. मॅडमना मात्र उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसवत नसे.

माझ्या भावाच्या साखरपुड्याला त्या आमच्या डोंबिवलीच्या घरी आल्या तेव्हा त्यांना फ्रीजवर एक चकचकीत जिन्नस दिसला. मामाने कुठल्याशा परदेश दौऱ्यावरून आणलेला. खाली अंडाकृती खळगा आणि वर बारीक तारांची झडप. आई त्या तारांमध्ये लाइटबिलं आणि लग्नपत्रिका अडकवून ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "किती सोयीचं आहे" म्हणून दाखवायची. मॅडमनी पत्रिका बाजूला केल्या, खळग्यातून बोट फिरवलं, झडप दोनदा उघडली-मिटली आणि प्रसन्न चेहऱ्याने जाहीर केलं, "ह्यात अंडं बसतं. उकडलेलं. वरून दाबलं की चकत्या."

आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नाही. आईने सोवळं मोडल्यासारखा चेहरा केला. व्याही मंडळी तिच्याकडे बघायला लागली. तेव्हा मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "अहो, पण तुमच्याकडे ते बिलंच सांभाळतं ना? मग त्याचं इथलं काम तेच. आकारावरून एखादी वस्तू काय करू शकेल एवढंच कळतं. ती काय करते हे त्या घरात राहूनच बघावं लागतं." आईचा जीव भांड्यात पडला. व्याह्यांना मॅडम नक्की कसल्या डॉक्टर आहेत असा प्रश्न पडला, तो अजून पडलेलाच आहे.

खरं तर त्या साखरपुड्यात त्यांनी आपला सगळा धंदा दोन वाक्यांत सांगून टाकला होता. जिवाणूच्या शरीरात हजारो प्रथिनं असतात. प्रत्येकाची बांधणी कशी करायची ते त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं आणि ते आता भराभर वाचता येतं. पण वाचून झाल्यावर कळतं, की यातल्या कितीतरी प्रथिनांचं काम काय ते कुणालाच ठाऊक नाही. यादीत त्यांच्यापुढे नुसतं 'कार्य अज्ञात' लिहिलेलं असतं. मॅडम असं एखादं प्रथिन उचलत, शुद्ध करत, त्याचे स्फटिक वाढवत आणि स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्याचा अणू-अणूचा नकाशा काढत. मग त्या नकाशात शोधायची ती खोबण. प्रथिनाच्या अंगावरची ती छोटीशी खोलगट जागा, जिथे दुसरा एखादा रेणू येऊन बसतो. काय बसतं ते कळलं की प्रथिनाच्या कामाचा माग लागतो.

बाकीचे लोक यासाठी सोपा रस्ता धरतात. नव्या प्रथिनाची घडण कुठल्या जुन्या प्रथिनाशी जुळते ते संगणकाला विचारायचं आणि जुन्याचं काम नव्याला चिकटवून मोकळं व्हायचं. मॅडमना हे अजिबात खपत नसे. "आमच्या कोलशेतात बघ," त्या म्हणत, "निम्मं गाव भोईर. एक भोईर वकील आहे, एक भोईर बँजो वाजवतो, एक भोईर काहीच करत नाही आणि मी ही अशी. आडनावावरून धंदा ठरवलास तर आम्हा सगळ्यांना तू बँजो वाजवायला बसवशील."

माझी त्यांची पहिली भेट मुलाखतीत झाली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी संशोधन संस्था होती. मी पुस्तकं घोकून गेले होते. मॅडमनी एकही प्रश्न पुस्तकातला विचारला नाही. टेबलावर एक जाड लाकडी फळी ठेवली आणि म्हणाल्या, "हे काय असेल?" फळीच्या मध्ये भोक होतं आणि खालची कड झिजून गुळगुळीत झाली होती. मी चाचरत म्हटलं, की या भोकात काठी बसत असेल आणि कड झिजलीय म्हणजे हे कशावरून तरी ओढत असतील. "पुढे?" पुढचं माहीत नाही, असं मी सांगून टाकलं. मॅडम खुशीत येऊन संचालकांना म्हणाल्या, "सर, हिला घ्या. आधीच्या मुलाने मला लाकूड कुठल्या झाडाचं ते सांगितलं." ते मिठागरात मीठ ओढायचं अवजार होतं, त्यांच्या वडिलांचं. वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. पुढे मिठागर बंद पडलं, गावच्या जमिनींना भाव आला, भावांनी इमारती उभ्या केल्या. मॅडमनी वाटणीत फक्त ती फळी मागून घेतली होती.

आम्हा विद्यार्थ्यांना त्या आमच्या गावाच्या नावाने हाक मारत. मी 'डोंबिवली', सुहास 'कल्याण'. "अगं डोंबिवली, थेंब बघितलेस का?" असं त्या जिन्यातून ओरडत. थेंब म्हणजे स्फटिक वाढवायला लावलेले प्रथिनाचे थेंब. ते बारीक खड्ड्यांच्या पेटीत ठेवून द्यायचे आणि वाट बघायची. आमच्या खालीच पत्र्याची झाकणं ठोकणारी प्रेस होती. तिच्या दणक्याने सगळी इमारत हादरायची आणि स्फटिक वाढता वाढता मोडायचे. मोठमोठ्या संस्थांमध्ये यासाठी महागडी, न हलणारी टेबलं असतात. मॅडमनी इस्टेटची शुक्रवारची सुट्टी धरली होती. गुरुवारी संध्याकाळी प्रेस थांबली की आम्ही थेंब लावायचे, शुक्रवारी कुणी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि शनिवारी सकाळी प्रेस सुरू व्हायच्या आत जाऊन बघायचं. एखादा थेंब लखलखला की मॅडम सूक्ष्मदर्शकावरून डोकं न काढता हात मागे करत आणि त्या हातावर आम्ही टाळी द्यायची.

जेवताना त्या डबा उघडत आणि मजला सुकटीच्या वासाने भरून जाई. संचालक शाकाहारी होते. ते आपल्या खोलीचं दार लावून घेत. त्याच वेळी रोज फोन यायचा, त्यांच्या आयेचा. म्हणजे आईचा. आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या मॅडम त्या फोनवर पार बदलून जात. "हां गो आये, जेवते. नाय गो, मंग येतंय." एकदा फोन माझ्या हातात दिला, तर पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोन गो तू? डोंबिवली? जेवलीस का गो बाय?" मी हो म्हटलं. "काय जेवलीस?" मी म्हटलं, दुधी भोपळा. आयेने फोन मॅडमना परत द्यायला लावला. दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या डब्यात माझ्यासाठी एक जास्तीची तांदळाची भाकरी येऊ लागली.

आमच्या सगळ्या प्रथिनांत मॅडमचं एक लाडकं प्रथिन होतं. वडिलांच्या बंद पडलेल्या मिठागरातला चिखल त्यांनी स्वतः जाऊन आणला होता आणि त्यातल्या एका जिवाणूत त्यांना ते सापडलं होतं. यादीत अर्थातच 'कार्य अज्ञात'. "मिठाने माझ्या बाबांचे पाय फाटून जायचे," त्या म्हणत, "आणि हे एवढंसं कार्टं त्याच मिठात मजेत राहतं. कसं राहतं, ते मला कळायला पाहिजे." निवृत्त व्हायच्या आधी त्या प्रथिनाचं काम शोधून काढायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी आमच्यापुढे बोलून दाखवली होती. ते काम माझ्याकडे आलं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच होतं.

खूप खटपटींनंतर स्फटिक आले, नकाशा निघाला, खोबण सापडली आणि खोबणीत चक्क कुणीतरी बसलेलं दिसलं. नकाशात त्याचा नुसता एक फुगीर ठिपका दिसत होता, पण होता ठसठशीत. मॅडमनी त्यात वेगवेगळे रेणू बसवून पाहिले आणि बीटेन अगदी चपखल बसलं. खाऱ्या पाण्यातले जिवाणू मिठाने सुकून जाऊ नयेत म्हणून हेच बीटेन अंगात साठवून ठेवतात. म्हणजे हे प्रथिन बीटेन धरून ठेवत असणार आणि जिवाणूला मिठापासून वाचवत असणार. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्रेसच्या कामगारांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. आम्ही शोधनिबंध पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. छापून यायचा होता, इतकंच.

निवृत्तीचा समारंभ जवळ आला. मॅडमनी निरोपाच्या व्याख्यानाला हेच प्रथिन घेतलं आणि जाहीर केलं, की व्याख्यान मराठीत होईल, कारण आये येणार आहे. आये येणार म्हटल्यावर कोलशेतहून निम्मे भोईर येणार हे ओघानेच आलं.

तालमीसाठी त्यांनी मला आणि सुहासला समोर बसवलं. "तुम्ही आये आहात असं समजा. कळलं नाही की थांबवायचं." आम्हीही चेव आल्यासारखे दर वाक्याला थांबवत होतो. त्यांनी फळ्यावर बीटेनचं चित्र काढलं: मध्ये एक अणू, त्याला चार बाजूंना चार हात, त्यातला एक लांब. मग स्फटिक कसे वाढवले ते सांगायला लागल्या. "प्रोटीन आम्ही ट्रिसच्या पाण्यात ठेवतो," त्या म्हणाल्या.

"ट्रिस म्हणजे काय?" सुहासने आयेच्या आवाजात विचारलं.

मॅडमचं ते वाक्य इंग्रजीत आम्ही झोपेतही म्हणत असू. ट्रिस म्हणजे पाण्याचा आंबटपणा कायम ठेवणारी एक साधी पूड. प्रत्येक प्रयोगशाळेत असते आणि आमच्या प्रत्येक बाटलीत होती. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मॅडमनी आयेला समजावं म्हणून बीटेनच्या शेजारी ट्रिसचं चित्र काढलं. मध्ये एक अणू. त्याला चार बाजूंना चार हात.

खडू फळ्यावरच थांबला. मॅडमनी एका चित्राकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दोन्हींचा आकार जवळपास तोच आणि आकारमानही तेच. आमच्या नकाशात जेवढा बारकावा होता तेवढ्यात ही दोघं वेगळी ओळखू आली नसती. म्हणजे खोबणीतला तो ठिपका आम्हीच घातलेल्या ट्रिसचाही असू शकत होता. सुहास हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर सेम टू सेम दिसतंय."

मॅडम स्टुलावर बसल्या. मला वाटलं त्यांना चक्कर आली. पण त्या हसायला लागल्या, आधी हळू आणि मग अगदी पदर तोंडाला लावून. "मिठागरवाल्याची मुलगी, आणि आपण घातलेलं मीठच हिशोबात धरायला विसरले!" मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं प्रोटीन असतं ना, तर मी पहिल्या दिवशी विचारलं असतं, की हा पाहुणा आपणहून आला की तुम्ही आणलात? इथे नाही विचारलं. उत्तर मला आवडलं होतं गं."

मला रडू कोसळलं. त्यांच्या मिठागराचं वाईट वाटत होतं आणि माझ्या प्रकरणाचंही. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. "रडतेस काय? अजून काही सिद्ध झालेलं नाही. बीटेनही असू शकेल. नवं प्रोटीन काढ. ट्रिसचा कणही नको, बाटल्यासुद्धा नव्या आण. येत्या गुरुवारी थेंब लागले पाहिजेत."

संचालकांना हे कळलं तेव्हा ते धावत आले. माणूस भला होता. त्यांनी मॅडमना समजावलं, की समारंभ तोंडावर आलाय, पत्रिका गेल्यात, निबंध मागे घ्यायचाच असेल तर मागाहून शांतपणे घेऊ. "आणि गावाकडच्या मंडळींना काय कळणार आहे, मॅडम, ट्रिस काय आणि बीटेन काय?"

"आयेला ट्रिस नाही कळणार, सर," मॅडम म्हणाल्या. "पण मी थाप मारतेय हे तिला मी दुसरीत असल्यापासून कळतं."

मग पुढचे दिवस आम्ही तिघांनी जिवाचं रान केलं. मी ट्रिसला हात लागू नये म्हणून आमच्या खोलीतल्या सगळ्या जुन्या बाटल्या उचलून संचालकांच्या खोलीत नेऊन ठेवल्या. त्यांनी निमूटपणे जागा करून दिली. थेंब दोन तऱ्हेचे लावले. एकात नुसतं प्रथिन आणि दुसऱ्यात मुद्दाम भरपूर बीटेन घातलेलं. खोबण जर खरोखर बीटेनसाठी असेल, तर दुसऱ्यात ते बसायलाच हवं होतं. शनिवारी दोन्हींत स्फटिक आले, अगदी देखणे. मॅडमनी नेहमीसारखा हात मागे केला आणि आम्ही टाळी दिली.

नकाशे आले. पहिल्यात खोबणीत नुसतं पाणी. दुसऱ्यातही नुसतं पाणी. एवढं बीटेन समोर असून प्रथिनाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मॅडमनी पडद्यावर खोबण सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "काय स्वच्छ खोबण आहे बघ. इतकी सुरेख मी आजवर पाहिली नव्हती." त्यांनी तिथेच बसून निबंध मागे घेत असल्याचं संपादकांना कळवलं आणि मला चहा सांगायला पिटाळलं. त्या दिवशी त्या मला जितक्या आवडल्या तितक्या त्याआधी कधीच आवडल्या नव्हत्या.

समारंभाला आमचं छोटं सभागृह भरून गेलं. भाड्याची बस करून कोलशेतची मंडळी आली होती. पहिल्या रांगेत मधोमध आये, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात काठी. मॅडमनी व्याख्यान सुरू केलं. मिठागर, चिखल, जिवाणू, खोबण, सगळं रंगवून सांगितलं. बीटेनचं सांगितलं आणि पेढ्यांचंही सांगितलं. मग फळ्यावर दोन चित्रं काढली, आपली चूक कुठे झाली ते दाखवलं, रिकाम्या खोबणीचा नकाशा पडद्यावर लावला आणि म्हणाल्या, "तर मंडळी, माझा निष्कर्ष चुकीचा होता. हा निबंध मी मागे घेतला आहे. हे प्रोटीन काय काम करतं, ते मला माहीत नाही. धन्यवाद."

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. संचालक शाल आणि श्रीफळ घेऊन उठले, पण त्यांचंही पाऊल अडखळलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"वच्छे," आयेने विचारलं, "म्हंजे त्याचा काम काय, त्ये अजून गावला नाय?"

मॅडम शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. "नाय गो आये. नाय गावला."

"आन् काम गावला नाय, तर तुला रिटायर कोनी केली?"

सगळं सभागृह हसलं. आये मात्र हसली नाही. तिने सरळ शाल धरलेल्या संचालकांकडे बघितलं आणि उत्तराची वाट बघत राहिली. संचालक एकदा मॅडमकडे बघत होते, एकदा आयेकडे. शेवटी त्यांनी शाल मॅडमच्या ऐवजी आयेच्या खांद्यावर घातली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आये, चूक झाली. त्यांना सोमवारपासून पाठवून द्या."

सोमवारी मॅडम माझ्या आधी हजर होत्या. पद गेलं होतं, खोलीही गेली होती. सूक्ष्मदर्शकाशेजारचं स्टूल त्यांनी स्वतःच ओढून घेतलं होतं. माझ्या शेवटच्या प्रकरणाचं नाव आम्ही बदललं. त्या खोबणीत काय काय बसत नाही, याचं ते प्रकरण झालं. परीक्षकांनी मला त्यावर भरपूर छळलं आणि पदवी दिली. त्यानंतर मला पुण्यात नोकरी लागली आणि मी ठाणं सोडलं. मॅडम तिथेच आहेत. मी फोन केला की माझी चौकशी करायच्या आधी त्या सांगतात, "अजून नाही गं कळलं!" आणि त्यांचा आवाज इतका आनंदी असतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, कळलंच.